ओबर्लिनचा पदवीदान समारंभ आणि एक न लिहिलेला निबंध

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ओबर्लिन नावाचे एक लहान गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील शाळेत पदवीदानाचे समारंभ कसे होत, तिथे विद्यार्थ्यांचा मान कशात मानला जाई आणि तो कोणाच्या वाट्याला येत नसे, याविषयी मी सध्या बरेच वाचत आहे. तू इतिहास शिकवतोस, शिवाय मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की तू किती मनापासून बोलतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून हे सगळे सवडीने तुला लिहून कळवावे असे वाटले. पत्र लांबेल, पण तू ते शेवटपर्यंत वाचशील याची खात्री आहे.

जॉन जे शिफर्ड आणि फिलो स्टुअर्ट या दोन धर्मनिष्ठ गृहस्थांनी १८३३ मध्ये उत्तर ओहायोतील चिकणमातीच्या सपाट रानात जंगल तोडून गाव आणि शाळा ही दोन्ही बरोबरच वसवली. आल्सेस प्रांतात खेडुतांसाठी आयुष्य वेचलेल्या एका धर्मोपदेशकाचे नाव त्यांनी गावाला दिले. संस्थेचे नाव ओबर्लिन कॉलेजिएट इन्स्टिट्यूट असे होते आणि ते १८५० मध्ये बदलून ओबर्लिन कॉलेज झाले, पण प्रत्यक्षात तिथे पूर्वतयारीच्या वर्गांतील मुलामुलींचीच गर्दी मोठी असे, त्यामुळे तिला शाळा म्हटले तरी चुकीचे होणार नाही. गरिबांच्या मुलांना शिकता यावे म्हणून विद्यार्थ्यांनी रोज काही तास अंगमेहनतीचे काम करावे आणि त्यातून आपला खर्च भागवावा अशी तिथली पद्धत होती. मुलगे शेतात आणि लाकूडतोडीला जात. मुली स्वयंपाकघर, भोजनगृह आणि धुणे सांभाळत, आणि त्या धुण्यात मुलग्यांचेही कपडे असत. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण एकाच बाकावर बसून ग्रीक शिकणाऱ्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याचे कपडे धुवायचे हे त्या काळच्या अत्यंत उदार मनाच्या माणसांनाही खटकले नाही.

ती माणसे उदार होती याबद्दल मात्र शंका नको. गुलामगिरीच्या प्रश्नावर वाद होऊन सिनसिनाटीच्या लेन सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेतून बाहेर पडलेले विद्यार्थी १८३५ मध्ये ओबर्लिनला आले आणि त्याच वर्षी संस्थेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरवले. एसा महान नावाचे गृहस्थ संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले आणि चार्ल्स फिनी हे त्या काळचे गाजलेले धर्मप्रवचनकार अध्यापक म्हणून आले. फिनींसाठी एक प्रचंड तंबू देण्यात आला होता. त्याचा व्यास शंभर फूट होता आणि मधल्या खांबाच्या टोकावर धर्मवचन लिहिलेली पताका फडकत असे. मोठे प्रार्थनामंदिर बांधून होईपर्यंत गावातल्या मोठ्या सभा याच तंबूत भरत, आणि पदवीदान ही वर्षातली सर्वांत मोठी सभा असे. तो समारंभ ऑगस्टच्या अखेरीस होई. त्याचे कारण व्यवहारी होते. लांब सुट्टी हिवाळ्यात दिली जाई, म्हणजे विद्यार्थ्यांना आसपासच्या खेड्यांतील शाळांवर मास्तरकी करून पुढच्या सत्राचे पैसे जमवता येत, कारण शेतकऱ्यांची मुले शाळेत येत ती मुख्यतः हिवाळ्यातच.

त्या काळच्या अमेरिकी कॉलेजांत मान कशाला म्हणत हे आधी सांगायला हवे, नाहीतर पुढची हकिकत नीट उमगणार नाही. आपल्याकडे मान म्हटला की पदक, ढाल, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातला फोटो डोळ्यांसमोर येतो. तिथे व्यासपीठावर उभे राहून बोलायला मिळणे हाच मान होता. जुन्या कॉलेजांत वरच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यांना गुणांप्रमाणे भाषणे वाटून दिली जात. लॅटिनमधले स्वागताचे भाषण एकाकडे, निरोपाचे भाषण दुसऱ्याकडे, आणि छापील कार्यक्रमपत्रिकेत कोणाचे नाव कोठे आहे यावरून सारा गाव त्याची योग्यता ठरवी. लहान गावात तर याचे महत्त्व फारच मोठे होते. शेतकरी कुटुंबे गाड्या जुंपून आदल्या दिवसापासून येत, घराघरांत पाहुणे उतरत, भाषणामागून भाषण आणि मध्ये गायनवृंदाची गीते असा कार्यक्रम तासन्‌तास चाले, आणि लोक तो कंटाळा न करता ऐकत. चार वर्षांत मुलगा काय शिकला याचा पुरावा गुणपत्रिकेत शोधायचा नसे. तो काय बोलतो आणि कसा बोलतो हे ऐकूनच गाव ते ठरवत असे.

आता मुलींकडे येतो. ओबर्लिनमध्ये मुलींसाठी ग्रीक-लॅटिनची सक्ती नसलेला एक वेगळा अभ्यासक्रम होता आणि तो पूर्ण केल्यावर पदवी न मिळता नुसते प्रशस्तिपत्र मिळे. १८३७ मध्ये चार मुलींनी मुलग्यांच्याच पूर्ण अभ्यासक्रमाला नाव घातले. त्यांपैकी मेरी केलॉग हिला मध्येच सोडून जावे लागले. मेरी हॉसफर्ड, एलिझाबेथ प्रॉल आणि कॅरोलाइन मेरी रड या तिघींना १८४१ मध्ये बी.ए.ची पदवी मिळाली. पुरुषांबरोबर तोच अभ्यासक्रम पुरा करून पदवी मिळवणाऱ्या अमेरिकेतील या पहिल्या स्त्रिया. महान यांना या गोष्टीचा जन्मभर अभिमान वाटत राहिला, आणि तो सार्थच होता.

पण पदवी मिळाली तरी व्यासपीठ मिळाले नाही. वेगळ्या अभ्यासक्रमाच्या मुलींचा समारंभ आदल्या दिवशी होई. तो स्त्रियांचा समारंभ मानला जात असल्यामुळे तिथे मुली आपले निबंध आपणच वाचत. पदवीच्या मुख्य समारंभात मात्र नियम वेगळा होता. मुलगे भाषण करत. मुलीने भाषण करायचे नाही, तिने निबंध लिहायचा, आणि तो निबंध वक्तृत्वाच्या प्राध्यापकांनी सभेपुढे वाचून दाखवायचा. ती स्वतः तिथेच बसलेली असे. तिची वाक्ये, तिचे विचार, तिच्या चार वर्षांच्या कष्टांचे फळ एका पुरुषाच्या आवाजात सभेला ऐकवले जाई आणि टाळ्याही त्या आवाजाला पडत. स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे या सेंट पॉलच्या वचनाचा आधार या रीतीला दिला जाई. ज्या फिनींनी आपल्या प्रवचनसभांत स्त्रियांना पुरुषांसमोर मोठ्याने प्रार्थना करू दिली आणि त्यासाठी टीका सोसली, त्यांच्याच गावात ही रीत टिकून राहिली, याचे मला फार वाईट वाटते. त्यातही समारंभाचा मान हा बोलण्याचा असल्यामुळे, मुलीला पदवी देऊन तिचा आवाज काढून घेणे म्हणजे मानाचा गाभाच काढून घेणे होते.

हे ज्या मुलीला पुरते कळले होते तिचे नाव लूसी स्टोन. मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट ब्रुकफील्ड येथे १८१८ मध्ये शेतकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. वडिलांनी मुलग्यांना कॉलेजात पाठवले, पण मुलीला पाठवायचे म्हटल्यावर त्यांना ते खुळेपणाचे वाटले. तिने शाळांतून शिकवून वर्षानुवर्षे पै पै साठवली आणि १८४३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती ओबर्लिनला निघाली. ईरी सरोवर ओलांडताना बोटीत स्वतंत्र खोलीचे भाडे परवडेना, म्हणून तिने ती रात्र डेकवर सामानाच्या पेट्यांमध्ये झोपून काढली. ओबर्लिनमध्ये तिला मुलींच्या भोजनगृहात ताशी तीन सेंटवर काम मिळाले. थाळ्या पुसताना ती समोर ग्रीकचे पुस्तक उघडे ठेवून पाठांतर करत असे. याशिवाय, गुलामीतून सुटून आलेल्या प्रौढांच्या शाळेत ती अक्षरे शिकवायलाही जाई.

वक्तृत्वाच्या वर्गात मुलींना बसण्याची परवानगी होती, बोलण्याची नव्हती. मुलगे वाद घालत आणि मुलींनी ते ऐकून शिकावे अशी अपेक्षा असे. लूसी आणि तिची जिवलग मैत्रीण ॲन्टोनेट ब्राउन यांनी गुपचूप मुलींचे वादमंडळ काढले. आधी त्या रानात जमत, पुढे एका वृद्ध कृष्णवर्णीय बाईच्या घरी जमू लागल्या. त्या बाईला लूसीने वाचायला शिकवले होते. विचार कर, बोलण्याचा सराव करायला या मुलींना लपून बसावे लागत होते, आणि त्यांना आसरा दिला तो जिला कालपर्यंत अक्षरही येत नव्हते अशा स्त्रीने. पुढे वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीचा वार्षिक उत्सव गावातील कृष्णवर्णीयांनी १ ऑगस्टला साजरा केला, तेव्हा लूसी तिथे उघडपणे बोलली. दुसऱ्याच दिवशी प्राध्यापकांच्या पत्नींचे जे मंडळ मुलींच्या वर्तनावर देखरेख ठेवत असे, त्याने तिला बोलावून घेतले. पुरुषांनी भरलेल्या व्यासपीठावर बसताना तुला संकोच वाटला नाही का, असे विचारल्यावर तिने सांगितले की ते सगळे प्राध्यापक तर मला रोज वर्गात भेटतात, मग त्यांचे भय कसले.

१८४७ चा पदवीदान समारंभ जवळ आला. निबंधासाठी कोणाला निवडायचे हे वर्गाने मतदानाने ठरवले आणि त्यात लूसीचे नाव आले. सहाध्यायांनी दिलेला मान म्हणून तिला त्याचे मोल निश्चितच होते. तिने अर्ज केला की माझा निबंध मीच वाचेन. महान यांचा तिला पाठिंबा होता, पण अध्यापकमंडळाने आणि महिलांच्या मंडळाने तो अर्ज मान्य केला नाही. तेव्हा लूसीने निबंध लिहायचेच नाकारले. काही सहाध्यायीही तिच्या बाजूने उभे राहिले. आईवडिलांना लिहिलेल्या पत्रात तिने आपली भूमिका स्पष्ट केली होती. स्त्रियांना समान हक्क नाकारणारे जे तत्त्व आहे ते योग्य आहे अशी जाहीर कबुली दिल्याशिवाय मला हा निबंध लिहिता येणार नाही, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. प्रार्थनामंदिरातल्या त्या समारंभात तिने पदवी घेतली आणि काही न बोलता ती घरी परतली. मॅसॅच्युसेट्सच्या स्त्रियांत पदवी मिळवणारी ती पहिली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत गार्डनर येथे धर्मोपदेशक असलेल्या भावाच्या चर्चमध्ये तिने स्त्रियांच्या हक्कांवर पहिले जाहीर भाषण केले.

मित्रा, या नकारावर मी पुष्कळ विचार केला आहे. निबंध लिहून दिला असता तर निदान तिचे विचार तरी लोकांपर्यंत पोहोचले असते, असे म्हणणारे तेव्हाही असतील आणि आजही मिळतील. मला ते पटत नाही. ज्या समारंभात बोलणे हाच मान आहे तिथे दुसऱ्याच्या तोंडून ऐकवले जाणे म्हणजे बोलणे नव्हे, आणि अर्ध्या मानाला होकार देणारी मुलगी पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी तो अर्धाच मान पक्का करून ठेवते. लूसीपाशी सोडून देण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिने सोडली. तिच्या वर्गात त्या दिवशी मुलग्यांनी काय भाषणे केली याची आज कोणी चौकशी करत नाही.

ॲन्टोनेट ब्राउनची हकिकत याला जोडूनच येते. तिने वेगळा अभ्यासक्रम घेतला असल्याने त्याच वर्षी तिला आपला निबंध स्वतः वाचता आला. मग तिने धर्मशास्त्र शिकायचे ठरवले, १८५० मध्ये तो अभ्यास पुरा केला, आणि तेव्हा संस्थेने तिला पदवीही दिली नाही आणि समारंभात स्थानही दिले नाही. १८५३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील साउथ बटलर येथील चर्चच्या मंडळीने तिला धर्मोपदेशक म्हणून दीक्षा दिली. ओबर्लिनने तिला धर्मशास्त्रातील सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९०८ मध्ये, तेव्हा ती त्र्याऐंशी वर्षांची होती.

१८५० च्याच ऑगस्टमध्ये, मुलींच्या समारंभात, लूसी स्टॅन्टन नावाची क्लीव्हलँडची एक तरुणी बोलायला उभी राहिली. ती मुलींच्या साहित्यमंडळाची अध्यक्ष होती आणि चार वर्षांचा असा अभ्यासक्रम पुरा करणारी ती अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री मानली जाते. तिचा विषय होता पीडितांच्या बाजूने केलेली विनवणी. गुलामाचे दुःख ऐकणाऱ्यांनी आपले मानावे, विशेषतः स्त्रियांनी, असे तिचे आवाहन होते. यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ सप्टेंबरला, पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कायदा सही होऊन अमलात आला, आणि ओबर्लिनसारख्या गावात आसरा घेतलेल्या माणसांच्या गळ्याशी आला. मला इथे आपल्या मुक्ता साळवेची आठवण आल्यावाचून राहिली नाही. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या त्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ मध्ये छापला गेला, आणि ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनऱ्यांचेच पत्र. या दोघींना एकमेकींची काहीच माहिती नसणार. तरीही दोघींनी शिक्षणाची पहिली संधी मिळताच स्वतःच्या बढतीबद्दल न बोलता आपल्या माणसांच्या यातनांबद्दल बोलावे, याने मी फार भारावून गेलो.

पुढे १८६२ मध्ये मेरी जेन पॅटरसन हिने मुलग्यांचा पूर्ण अभ्यासक्रम संपवून पदवी घेतली. ती अमेरिकेतील पहिली कृष्णवर्णीय स्त्री पदवीधर. तिच्या मागोमाग १८६५ मध्ये फॅनी जॅक्सन पदवीधर झाली. ही गुलामीत जन्मलेली मुलगी. तिच्या मावशीने सव्वाशे डॉलर मोजून तिला सोडवले होते. तिच्या वर्गाने पदवीच्या वेळच्या वर्गसमारंभासाठी तिची कवी म्हणून निवड केली. तिने उतारवयात लिहून ठेवले आहे की ओबर्लिनच्या वर्गात धडा म्हणून दाखवायला उभी राहिले की साऱ्या आफ्रिकी वंशाची अब्रू आपल्या खांद्यावर आहे असे मला वाटे. एका विद्यार्थिनीने इतके ओझे का वाहावे, असा प्रश्न पडतो. पण ज्यांना बोलायला क्वचितच मिळते त्यांच्यापैकी एकजण बोलायला उभी राहिली की ऐकणारे तिच्या एका चुकीवरून तिच्या सगळ्या समाजाचा निवाडा करायला बसलेले असतात, आणि हे तिला पक्के ठाऊक होते.

आपल्याकडच्या बक्षीस समारंभांत प्रमुख पाहुणे तासभर बोलतात, अध्यक्ष समारोप करतात, आणि पहिल्या आलेल्या मुलीला नमस्कार करून, पेनसंच घेऊन, फोटोपुरते थांबून खाली उतरायचे असते. तिने वर्षभर काय वाचले, तिला काय पटले, काय पटले नाही, हे कोणी तिला माइकसमोर विचारत नाही. तू मुख्याध्यापकांशी बोलून निदान दहावीच्या मुलांना निरोप समारंभात दहा-दहा मिनिटे देऊन पाहावेस असे मला फार वाटते. मुले अडखळतील, पाठ केलेलेही म्हणतील. ओबर्लिनच्या तंबूतही काही वेगळे होत नसणार.

ओबर्लिनने आपला सुवर्णमहोत्सव १८८३ मध्ये साजरा केला आणि त्यात बोलण्यासाठी लूसी स्टोनला बोलावले. वक्त्यांत ती एकटीच स्त्री होती. त्याच वर्षी आपल्या कल्याणची आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचली. निघण्यापूर्वी, फेब्रुवारीत, तिने बंगालमधील श्रीरामपूरच्या (सेरामपूरच्या) कॉलेजात जमलेल्या लोकांपुढे आपण का जात आहोत हे इंग्रजीत, स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तिला वैद्यकाची पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या आणि व्यासपीठावर बसल्या होत्या. फिलाडेल्फिया मोठे शहर आणि तो समारंभही मोठा, पण व्यासपीठावर दोन मराठी बायका सन्मानाने बसल्या आहेत हे दृश्य शक्य झाले त्यात ओबर्लिनच्या त्या मुलींचा वाटा आहे असे मी मानतो.

रमाबाई त्या समारंभासाठी आल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. पुढची दोन वर्षे त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसे जमवले, बोस्टनला मदतीसाठी संघ उभा केला. आनंदीबाई तोपर्यंत गेली होती. पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच. रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले ते ११ मार्च १८८९ ला, म्हणजे फिलाडेल्फियातील त्या समारंभाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, जिच्याशी पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. तिच्याविषयी तुझ्या संग्रहात काही असेल तर मला त्याच्या प्रती पाठव. पुढचे पत्र तिच्यावरच लिहायचे मनात आहे.

घरी सर्वांना नमस्कार व आशीर्वाद सांग. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा मित्र